नवा रेडिओ

बायको गेल्यापासून काकांना घरी सोबतीला फ्रिजची घरघर तेवढी होती. म्हणून दर रविवारी ते आपलं एका इंजिनाचं म्हातारं विमान बाहेर काढत आणि एकटेच आभाळात एक फेरी मारून येत. विमानाचा रेडिओ मात्र इतका खरखरायचा, की उतरायची परवानगी देताना टॉवरमधल्या मुलीला एकेक वाक्य तीन-तीनदा सांगावं लागे.

"काका, घसा बसला हो माझा! बदला की आता तो डबा," ती कावायची, मग हसायची. शेवटी तिच्या घशाची कीव येऊन काकांनी नवाकोरा रेडिओ बसवून घेतला.

पुढच्या रविवारी तिचा आवाज असा खणखणीत आला, की तिने टेबलावर पेन ठेवलेलंही ऐकू आलं. "वारा पश्चिमेचा आहे, धावपट्टी मोकळी आहे, उतरा." झालं. एका दमात आठवड्याभराचं बोलणं संपलं. काकांनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि रेडिओचं बटण दाबलं.

"पोरी, काहीच ऐकू आलं नाही गं. परत सांग."