गॅस टिकत नाही

नवरा गेला तेव्हा मुलाचं कॉलेज सोडवून ट्रकची चावी मीच त्याच्या हातात ठेवली, त्याला बावीस वर्षं झाली. आता चार दिवस तो दारातच ट्रकचा एसी दुरुस्त करतोय. पाइप बदलला, दोनदा गॅस भरला, तरी दुसऱ्या दिवशी केबिनची भट्टी.

“अहो, नवी नवरी असताना मीसुद्धा इतके नखरे केले नव्हते,” सून म्हणाली.

“कुठेतरी गळतंय गं. नीट झाला की निघतोच,” तो म्हणाला.

 

आज पाणी द्यायला गेले, तर तो खिळ्याने व्हॉल्व्हची पिन दाबून नुकताच भरलेला गॅस सोडून देत होता, मी तशीच मागे फिरले आणि सुनेला म्हणाले, “अजून चार दिवस तरी लागतील.”