पाठमोरी

"थांबा!" सुवर्णाताईंनी सातव्यांदा वही टेबलावर आपटली. "नाथाभाऊ, पुन्हा उशीर!"

सातपूरच्या कारखान्याचं कँटीन, रविवारची सकाळ. कामगारांची नाट्यस्पर्धा चार दिवसांवर आलेली आणि ताई बसवत असलेल्या संगीत नाटकाचा शेवटच जमेना. सासरी निघालेली लेक, म्हणजे पॅकिंगमधली मनीषा, बापाकडे पाठ करून म्हणते, 'बाबा, येते मी.' शब्द संपला की बापानं सूर लावायचा. आधी नुसता गळा, पेटी मागाहून. बावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकणाऱ्या माणसाकडे असला गळा आला कुठून, देव जाणे! पण तो लागायचा दोन श्वास उशिरा आणि प्रसंगाचा पार विचका व्हायचा.

"लक्ष कुठंय तुमचं? आज नाही जमलं तर उद्या तुमच्या जागी समाधानला उभं करीन. मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

नाथाभाऊंचं तोंड एवढंसं झालं. "नाय ताई, असं नका करू. निफाडहून सगळी भावकी यायचीय बघायला. पुन्हा घेऊ ना."

चहाची सुट्टी झाली. ताईंनी मागून हाक मारली, "नाथाभाऊ, चहा घ्या." माणूस ढिम्म. पुन्हा मारली, तरी ढिम्म. एवढा रुसवा? ताई चिडल्याच. तेवढ्यात त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं. प्रेस शॉपमधले दोघं कँटीनच्या या टोकाहून त्या टोकाला नुसते ओठ हलवून गप्पा मारत होते, वर खिदळतही होते. मशिनच्या धडधडाटात आवाज पोचतच नाही, म्हणून तिथं बोलायची रीतच ती.

ताईंनी वही मिटली. त्या नाथाभाऊंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि जराही आवाज न काढता त्यांनी नुसते ओठ हलवले. "ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

नाथाभाऊंनी घाबरून दाराकडे पाहिलं. सुपरवायझर तिथंच बशीत चहा ओतत होते.

"हळू बोला ना ताई," ते कुजबुजले. "साहेबांच्या कानावर गेलं तर मशिनवरून काढतील."

ताईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी वहीतलं एक पान खोडलं आणि मनीषाला हाक मारली. "बदल आहे गं. पाठ फिरवायची नाही. बापाकडे बघून म्हण."

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात, बापाचं तोंड बघितलं तर तिचा पाय निघायचा नाही."

"नाही निघाला तर नाही. चला, घ्या."

मनीषा वळली. "बाबा, येते मी."

शब्द संपला आणि सूर लागला. चहा पिणारे हातातले कप तसेच धरून थांबले. मनीषाचे ओठ केव्हाच मिटले होते, पण गाणं संपेपर्यंत नाथाभाऊंची नजर तिथून हलली नाही.