लाल ठिपका

हिर्डोशीत रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबट्या अडकला होता, तोही सगुणाबाईंच्या खोपटाच्या दारातच. आत म्हातारी एकटी होती आणि तार तुटायला आली होती.

डॉक्टर शेफालीने बेशुद्धीचं इंजेक्शन मारायची बंदूक रोखली, पण भर उन्हात बंदुकीवरच्या दुर्बिणीतला नेमाचा लाल ठिपका दिसेचना. ठिपक्याचा उजेड वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवून झालं होतं.

“ताई, मारा की! माझी म्हातारी हाय आत!” गेनबा रडकुंडीला आले होते.

“नेमच दिसत नाही, बाबा. बिबट्यावर जरा सावली हवी होती.”

“सावली व्हय?” म्हणत गेनबा घोंगडी डोक्यावर उंच धरून बिबट्याकडे धावत सुटले.

“मागं फिरा!” शेफाली किंचाळली. तेवढ्यात तार तुटली.



बिबट्या झेपावला, आणि ठिपका अखेर लख्ख दिसला. घोंगडीच्या सावलीत, गेनबांच्या पाठीवर.