आठव्या दिवसाचा स्लॅब

१२ मे २०२५, सकाळी साडेसात. माधवनगरच्या नव्या सभागृहाचा स्लॅब टाकून आठ दिवस झाले होते. त्याखाली एकशे बारा टेकू उभे होते.

"मुदतीआधी काम, हीच आपल्या कंपनीची ओळख. टेकू आजच काढा, साताऱ्याच्या साइटला हवेत. उद्या इथेच मालकांचा सत्कार आहे," व्यवस्थापक यशराज म्हणाले.

"चौदा दिवसांआधी न्हाई काढनार. स्लॅब कच्चा हाय," सेंटरिंगचे मुकादम लालासाहेब म्हणाले.

"मग उद्यापासून तुम्ही घरी."

"जातो की! तेवढं सांगा सायेब, उद्या तुमची खुर्ची ह्याच स्लॅबखाली टाकायची न्हवं?"



सत्कार दुसऱ्या दिवशी भर उन्हात, पटांगणात झाला. तोवर निघालेले टेकू : शून्य.