स्लॅबचा ठेका

नारळ फोडायला बाबनरावांनी हात उचलला, तेवढ्यात पुष्पलता म्हणाली, "थांबा जरा."

हात तसाच राहिला. अंगणात दोघंच होते, तिचा नवरा आणि तिचा सख्खा थोरला भाऊ रुपराव. कोराडीला वीज केंद्राच्या आसपास घरं उठायला लागली तसा रुपराव ठेकेदार झाला होता. आज तो टांडापेठेत बहिणीकडे आला होता, तिच्या घराचे कवेलू काढून वर स्लॅब टाकायचा ठेका घ्यायला.

"काय झालं वं?" रुपराव हसला. "मुहूर्त टळून राहिला."

"हे काम बाबूलाल मिस्त्रीले देऊ."

बाबनरावांनी नारळ खाली ठेवला. बाबूलाल आठ दिवसांपूर्वी येऊन गेला होता. भिंती ठोकून पाहून म्हणाला होता, या भिंती स्लॅब पेलायच्या नाहीत, आधी खांब उभे करावे लागतील. सिमेंट सरकारी परमिट निघेल तेव्हाच मिळणार. सहा महिने धरून चाला. रुपराव मात्र महिन्याभरात घर उभं करतो म्हणाला. नुसतं म्हणाला नाही, सारं शहर परमिटसाठी रांगेत उभं असताना परवा बैलगाडीत दहा पोती पाठवूनही दिली. गल्लीतली माणसं पोती बघायला आली, आणि बाबनराव संध्याकाळभर ओट्यावरून हलले नव्हते.

"येडी झाली का तू?" ते म्हणाले. "घरचा माणूस सोडून बाहेरच्याले?"

पुष्पलता उत्तर न देता आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक वाटी होती.

"दादा, या पोत्याईचं तोंड कोणी शिवलं?"

"म्हणजे?"

"कारखान्यातून येते त्याले मशीनचा टाका असते. हा हाताचा आहे. माझा जन्म मागावर, सुतात गेला, इतकं समजते मले."

रुपरावनं खिशातला मापाचा टेप काढला आणि उगाच भिंतीकडे पाहिलं. पुष्पलतानं वाटीतला करडा गोळा तळहातावर घेतला.

"परवा यातलंच मूठभर कालवलं. दोन दिवस पाणी मारून राहिली."

तिनं अंगठ्यानं दाबलं. गोळा दबला, फुटला, आणि तिच्या बोटांमधून भुरभुर खाली सांडला.

बाबनराव वाकले. जमिनीवरची चिमूट त्यांनी बोटांत चोळून पाहिली आणि रुपरावकडे बघितलं.

"थोडीशी राख सारेच मिसळून राहिले," रुपरावचा आवाज चढला. "नाहीतर माल भेटते कुठं आजकाल? अन् त्यानं काय होते? माझं सोताचं घर याच मालाचं आहे. दोन वर्षं झाले. माय त्याच स्लॅबखाली झोपते रोज. काय झालं तिले? सांग न, काय झालं?"

बाबनरावांचा चेहरा सैल पडला. "पाह्य," ते पुष्पलताला म्हणाले, "सोताच्या मायले कोणी असं ठेवीन का?" आणि त्यांनी पुन्हा नारळ उचलला.

पुष्पलताला एकदम आठवलं. दिवाळीला माहेरी गेली होती तेव्हा माय म्हणत होती, रोज सकाळी गोधडी झटकावी लागते, वरून रेती पडते. तेव्हा सगळे हसले होते. ती स्वतःही हसली होती.

"मायले इकडं पाठवून दे," ती म्हणाली.

"पुष्पा!"

"ठेक्याचं राहू दे. मायले पाठव. आजच्या आज."

रुपराव फटफटीकडं वळला. "जवाईबापूच्या समोर माझी इज्जत काढली तू. आता या घरात पाय नाही ठेवत मी. अन् तुयं माहेर संपलं म्हणून समज."

तिनं दाराची चौकट धरली. अशी धरली की बोटं पांढरी पडली.

"समजलं," ती म्हणाली. "पण मायले पाठव."

त्यानं टेप खिशात कोंबला, फटफटीला लाथ मारली आणि तो गेला. नारळ बाबनरावांच्या हातातच राहिला.

मग चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवायला बसत, ताटातलं संपवत, उठून जात. गल्लीत कोणी काम कधी सुरू होते म्हणून विचारलं की मान फिरवत. पुष्पलतालाही राहून राहून वाटे, आपलंच चुकलं असेल. मूठभर राखेपायी भाऊ तोडला आपण. कोराडीहून निरोप नाही, काही नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दारात सायकलरिक्षा थांबली. भागीरथामाय उतरली. काखेत गाठोडं, अंगावर जुनी शाल. बाबनरावांनी पुढे होऊन गाठोडं घेतलं. पुष्पलतानं पाय धुवायला पाणी दिलं, माय टेकली तेव्हा तिच्याजवळ बसली.

"दादा नाही आला?"

"नाही वं. त्यानंच मोटरीत बसवून दिलं. म्हणे पुष्पाकडं राह्य. काहून म्हटलं, तर बोलेच ना."

मायनं शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. मार्गशीर्षातली थंडी भर दुपारीही ओसरली नव्हती.

"त्याचं काय बिनसलं कोणास ठाऊक," ती म्हणाली. "पाच दिवस झाले, साऱ्या खाटा अंगणात काढल्या त्यानं. एवढ्या थंडीत लेकराईले घेऊन उघड्यावर झोपते."