बारा सशांचा निकाल

सातव्या सशाच्या पाठीवर, उजव्या बाजूला बोट टेकवून ती थांबली. बोट म्हणत होतं, चपटी. डोकं म्हणत होतं, नवऱ्याचं तोंड आठव.

प्रयोगशाळेत तिला सगळे गाठवाली म्हणत. बारा ससे, प्रत्येकाच्या पाठीवर केस काढलेले दोन चौकोन, म्हणजे एकूण चोवीस जागा. सशांना गाठी आणणारा, देवीच्या रोगाच्या कुळातला एक विषाणू त्या जागी टोचलेला. काही जागी त्याचा मूळ वाण, बाकीच्या जागी चौथ्या फ्रीजरमधला, कित्येक वर्षं या सशातून त्या सशात फिरवत आणलेला वाण. मूळ वाणाची गाठ गोल आणि टणक, कातडीखाली गोटी सरकवल्यासारखी. फिरवलेला वाण मात्र बदललाय, तो गाठ करतच नाही, नुसती चपटी, लाल, गरम सूज आणतो, असं गाठवाली चार वर्षं घसा कोरडा करून सांगत होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तितक्याच शांतपणे म्हणत होत्या, "वाण तोच आहे. भास तुझ्या बोटांना होतायत."

शेवटी पैज लागल्यासारखं ठरलं. कुठे काय टोचलंय हे न कळता तिने बारा दिवस सूज मोजायची, आणि बाराव्या दिवशी प्रत्येक जागेपुढे वहीत गोल किंवा चपटी असं शाईने लिहायचं. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर चौथा फ्रीजर रिकामा, तिची चार वर्षं कचऱ्यात.

घोळ एकच होता. इंजेक्शनं भरण्यात हात बसलेला माणूस अख्ख्या इमारतीत एकच, आणि तो तिचा नवरा. त्यामुळे खरी यादी मॅडमच्या कपाटात बंद पाकिटात होती आणि नवऱ्याच्या डोक्यातही होती. नवरा तर असा, की त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. लग्नाआधी यानेच खिशातली अंगठी काढून तिला दाखवली होती आणि विचारलं होतं, "ओळख बघू, उद्या मी तुला काय देणार आहे?"

म्हणून मॅडमनी त्याला दम भरला. "बारा दिवस तिला तोंड दाखवायचं नाही. तुझी भुवई हलली तरी ती निकाल वाचेल."

मग काय, घरात नुसती धमाल. तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. नवरा-बायकोचं बोलणं लेकीमार्फत.

"विचार बाबाला, मीठ हवंय का."

"बाबा, मीठ? मान हलवू नकोस, आई टपून बसलीय."

तिसऱ्या दिवशी लेकीने कागदी पिशवीला नाकापाशी दोन भोकं पाडून ती बाबाच्या डोक्यावर चढवली. पिशवीतून बाबा म्हणाला, "इथे बरंय. तुम्ही दोघी दिसत नाही." हसून हसून आईला ठसका लागला.

पण पाचव्या दिवसापासून पिशवीतलं हसू बंद झालं. पिशवी उतरली की तो एक गाल हातावर टेकून बसायचा. पान अर्धं तसंच टाकायचा. मध्येच छताकडे बघून लांब सुस्कारा सोडायचा. गाठवालीची वही प्रयोगशाळेत टेबलावर उघडीच असे. ती रोज काय नोंदवते ते याला दिसत होतं, आणि खरं काय आहे तेही याला ठाऊक होतं. तरी याचं तोंड हे असं. म्हणजे आपण हरतोय.

आणि आता बारावा दिवस. सातवा ससा. ससा गवत चावत बसला होता, त्याला कशाचं काही नव्हतं. डोकं म्हणालं, गोल लिही, अजून वेळ गेलेली नाही. तिने डोळे मिटले. पुन्हा बोट फिरवलं. गरम. पसरट. काठ हाताला लागतच नव्हता.

तोंड त्याचं आहे, बोटं माझी आहेत, असं ती सशाला म्हणाली आणि 'चपटी' लिहिलं. इतकं दाबून, की अक्षर मागच्या पानावर उमटलं. मग उरलेले पाच ससे तिने एका दमात उरकले.

दुपारी मॅडमनी पाकीट फोडलं. त्या यादी वाचायच्या, ती वही वाचायची. दहा जुळल्या. बारा जुळल्या. सातवा ससा, उजवी बाजू जुळली. चोवीसच्या चोवीस. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि यादी पुन्हा वरून खाली तपासली.

"चौथ्या फ्रीजरला कुणी हात लावला," त्या म्हणाल्या, "तर गाठ माझ्याशी आहे."

ती तिथून जी सुटली ती जिन्यात दोन-दोन पायऱ्या गाळत थेट इंजेक्शनांच्या खोलीत. नवरा पाठमोरा बसला होता.

"चोवीसच्या चोवीस! आणि तू इतके दिवस सुतकी तोंड करून बसलास? अरे, तुझ्यापायी आज मी सगळं चुकीचं लिहिणार होते."

तो वळला. त्याने गालावरचा हात काढला.

"अगं, दाढ," तो कसाबसा म्हणाला. "पण सांगितलं असतं, तर तू दाढेतूनही निकाल काढला असतास."

तिचं बोट आपोआप पुढे गेलं. लाल. गरम. पसरट. रोज चोवीस जागा मोजणाऱ्या बाईच्या शेजारी पंचविसावी सूज आठवडाभर जेवायला बसत होती.