अण्णांच्या पाठुंगळीला

“बाबा, पाय अजून भर ना. काड्या वाटतायत.”

जयवंतने वर्तमानपत्राचा आणखी एक बोळा मनवाच्या जुन्या लेगिंगमध्ये कोंबला. वरळीच्या त्यांच्या सोसायटीत रविवारी मुलांची हॅलोविन पार्टी होती. बाकीची पोरं सांगाडे नि चेटकिणी विकतच आणणार होती. जयवंतने मात्र मोबाइलवर एक घरगुती युक्ती पाहिली होती, आणि ती त्याच्या मनात घर करून बसली होती.

युक्ती साधी होती. कमरेतून वाकलेल्या म्हाताऱ्याचं धड मनवाच्या पोटाला दप्तराच्या पट्ट्यांनी बांधायचं. म्हाताऱ्याची पँट मनवानेच घालायची, म्हणजे त्याचे पाय ते खरं तर तिचे. कागद भरलेले तिचे खोटे पाय त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंनी पुढे काढायचे आणि त्याचे हात त्यांच्यावर शिवून टाकायचे. बघणाऱ्याला वाटावं, आजोबांनी नातीला पाठुंगळीला घेतलंय.

“पण म्हाताऱ्याला सफारी अण्णांचीच कशाला?” वैदेही हातमोज्यांत कापूस भरता भरता म्हणाली. “हॅलोविन म्हणजे भुतंखेतं. सासऱ्यांना भूत म्हणून मिरवायचं, बरं दिसतं का?”

“भूत कसलं? आजोबा आहेत ते तिचे.”

वैदेहीने दुसरा हातमोजा उचलला. अण्णांचा विषय निघाला की नवरा हळवा होतो, हे तिला माहीत होतं.

डिलाईल रोडच्या चाळीत अण्णांना मोठा मान. कुणाकडे मयत झाली की पहिले धावणार ते अण्णा. ते स्वतः गेले तेव्हा मात्र जयवंत ऑफिसच्या कामाला बंगळुरात होता. शेवटचं बोलणंही झालं नाही. ते त्याच्या मनाला अजून खात होतं.

आणि दुसरी एक गोष्ट. अण्णांना नातीला कधी धड उचलून घ्यायलाच मिळालं नाही. आई, म्हणजे आनंदीबाई, मनवाला कडेवरून खाली उतरवायचीच नाही. अण्णांनी हात पुढे केले की तिला भूक लागलीय, तिला झोप आलीय, असं काहीबाही सांगून आत निघून जायची. नातीचं एवढं वेड! अण्णा हसायचे आणि पेपर उघडायचे. आपण एकदा तरी आईला म्हणायला हवं होतं, दे गं जरा त्यांच्याकडे. राहूनच गेलं.

अण्णा गेल्यावर आनंदीबाईंनी दहाव्याच्या आधीच त्यांचे सगळे कपडे बाहेर काढले. “देऊन टाक,” एवढंच म्हणाल्या. जोडीदाराच्या वस्तू डोळ्यांसमोर सहन होत नसणार, असं जयवंतला वाटलं. राखाडी सफारी तेवढी त्याने लपवून ठेवली. त्यानंतर आनंदीबाईंचं बोलणं कमी कमी होत गेलं, आणि आता तर त्या माणसंही विसरायला लागल्या होत्या. जयवंतने त्यांना वरळीला आणलं होतं; दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या.

“बाबा, आत्याला फोटो पाठवायचा?” मनवाने विचारलं.

जयवंतचा हात थांबला. “तुला आत्या कुठून आठवली?”

“आजी मला कधी कधी अनू म्हणते. आई म्हणाली, अनू म्हणजे अनुजाआत्या.”

अनुजा जयवंतची धाकटी बहीण. कॉलेज संपताच नागपूरला नोकरी धरली आणि चाळीत परत पाऊल टाकलं नाही. अण्णांच्या अंत्यविधीलाही आली नाही. “सख्खा बाप गेला, तरी तुला पाझर फुटत नाही?” जयवंत फोनवर ओरडला होता. ती एवढंच म्हणाली, “दादा, आईला सांभाळ.” तेच त्या दोघांचं शेवटचं बोलणं. विसरायला लागण्याआधी आईही तिचं नाव काढायची नाही. तिनेही लेकीला माफ केलं नसणार.

“तिला काही पाठवायचं नाही,” तो म्हणाला.

रविवारी संध्याकाळी म्हातारा उभा राहिला. फुग्यावर कागद चिकटवून केलेलं तोंड काही फारसं जमलं नव्हतं. पण टोपी घातली, जाड काळा चष्मा चढवला, सफारीची कॉलर नीट केली, आणि अण्णाच झाले. कापूस भरलेले त्यांचे हात मनवाच्या मांड्यांना घट्ट धरून होते.

मनवा खिदळत हॉलभर फिरली. नको नको म्हणणारी वैदेहीही तोंडाला पदर लावून हसली. जयवंतला हसू येईना. वेळेवर व्हायला हवं होतं ते आज कागदाचं का होईना, झालं होतं.

“चल, आजीला दाखवू,” तो म्हणाला.

आनंदीबाई नेहमीसारख्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

“आई, बघ तरी कोण आलंय!”

त्यांनी मान वळवली. नजर टोपीवरून, चष्म्यावरून खाली मनवाच्या मांडीवरच्या हातांवर आली. मग, जिला उठवून बसवायलाही दोघं लागायची, ती बाई कुणाचा हात न धरता पलंगावरून खाली उतरली. तिने ओळखलंय, जयवंतला वाटलं. केलेल्या कष्टांचं चीज झालं.

आनंदीबाई सरळ पुढे आल्या. मनवाच्या मांडीवरचा तो हात त्यांनी पकडला आणि टरकन उसवून काढला.

“आजी, काय करतेस!” मनवा रडवेली झाली.

आनंदीबाईंना ते ऐकूच आलं नाही. त्या चष्म्याआडच्या कागदी तोंडाकडे रोखून बघत होत्या. कित्येक महिन्यांत निघाला नव्हता इतका स्वच्छ आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

“अनूला सोडा. आज मी झोपेचं सोंग घेऊन पडणार नाही.”